मेण, खळ, चिकटपट्टी : लहान मुलांबरोबर घरी करायची ‘रंग अडवून’ काढलेली चित्रं

रंगपेटी (धागाकर्ती)

मेणखडूने चित्र काढायचं, वरून पातळ रंग फिरवायचा आणि चित्र ‘उमटताना’ बघायचं, हा खेळ बहुतेकांना माहीत असतो. तरी निम्म्या घरांत निळा चिखल, फाटका कागद आणि रुसलेलं मूल एवढंच हाती येतं. चूक मुलाच्या हाताची नसते, सामानाची असते. म्हणून हा धागा. वय साधारण अडीच ते आठ धरलं आहे.

रेझिस्ट म्हणजे रंगाला अडवणं. कागदावर किंवा कापडावर आधी असं काही लावायचं की नंतरचा रंग तिथे धरणार नाही. मेण, तेल, पिठाची खळ, चिकटपट्टी, दोऱ्याची गाठ, सगळं चालतं. लक्षात एवढंच ठेवायचं की अडवणारा थर जाड हवा आणि वरचा रंग पातळ हवा. घरोघरी नेमकं उलटं होतं. मूल खडू हलका फिरवतं आणि आपण त्याच्यापुढे पोस्टर कलरची घट्ट बाटली ठेवतो.

खडू : साधे मेणखडू चांगले. ‘प्लास्टिक क्रेयॉन’ म्हणून मिळणारे कडक, खोडता येणारे खडू या कामाला नकोत, त्यांचा थर पातळ बसतो. ऑइल पेस्टल म्हणजे तेलखडू पाणी सगळ्यात चांगलं अडवतात, कारण त्यात मेणाबरोबर न वाळणारं तेलही असतं.

कागद : झेरॉक्सचा ७०-८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद दोनदा ब्रश फिरवला की लगदा होतो. १२०-१५० जीएसएमचा ड्रॉइंग पेपर पुरे. मूल रंगाची तळीच करणार असेल तर २०० च्या पुढचा घ्या. हातकागद बघून घ्या. काही हातकागद टीपकागदासारखे पितात आणि रंग मेणाच्या रेघेखालून सरकतो.

रंग : जलरंगाच्या वड्या किंवा ट्यूब. ट्यूबमधला मटारच्या दाण्याएवढा रंग आणि दोन मोठे चमचे (३० मिली) पाणी. खायचा रंग वापरणार असाल तर पाव छोटा चमचा पूड १०० मिली पाण्यात. ही पूड मोठ्यांनीच कालवायची. ती उडते, आणि ओल्या हाताला लागली की दोन दिवस जात नाही.

ब्रश : एक इंची चपटा, मऊ केसांचा. कडक ब्रशने मूल रंग घासतं, लावत नाही.

सुरुवातीला कागदाच्या कोपऱ्यात एक रेघ ओढून वरून रंग फिरवून बघा. रेघेवर रंग मण्यांसारखा गोळा झाला तर सगळं जमलंय. रेघ झाकली गेली तर रंग दाट आहे, पाणी घाला. रेघ दिसते पण तिच्यात रंगाचे बारीक ठिपके शिरलेत, तर खडू हलका लागलाय, त्यावरून पुन्हा एकदा दाबून घ्या. ही एवढी कसोटी आधी घेतली तर पुढची निम्मी कटकट वाचते.

खळीचं आणि कापडाचं ज्यांना नीट माहीत आहे त्यांनी लिहा. माझा भाग कागदापुरता.

तिरफळ

पांढऱ्या खडूने गुप्त चित्र काढायला सांगितलं तर साडेतीन-चार वर्षांचं मूल दोन मिनिटांत उठतं. काय काढलं ते त्याला दिसतच नाही. यावर उपाय?

निळीशाई

त्या वयाला गुप्त चित्र मुलाने काढायचंच नाही, मोठ्यांनी काढून द्यायचं. मुलाचं काम फक्त रंग फिरवून ते शोधणं. पांढऱ्या खडूऐवजी साध्या मेणबत्तीचा तुकडा घ्या. बोटभर लांबीचा, कारण फार छोटा तुकडा तोंडात जाऊ शकतो. जेलच्या किंवा खूप मऊ सुवासिक मेणबत्त्या नकोत, त्या कागदावर गोळे सोडतात. काढताना कागद खिडकीकडे थोडा तिरपा धरलात की मेणाची चमक दिसते आणि कुठे काय काढलं ते कळतं.

शोधायला काय द्यायचं? अक्षरं बरी. एका चौकोनात एक, अंगठ्याएवढ्या जाड रेघेचं. बारीक रेघेचं ‘क्ष’ कुणालाच ओळखता येत नाही. ‘ग’, ‘म’, ‘र’, ‘ट’ छान उठतात. त्याहून बरी ठिपक्यांची रांगोळी. पाच बाय पाच ठिपके मेणबत्तीने घट्ट दाबून द्यायचे. मुलाने गडद निळा फिरवला की सगळे ठिपके उगवतात. कागद वाळल्यावर ते रंगीत खडूने जोडायचे. चित्र एकच, पण बसायच्या दोन बैठका मिळतात.

वरून फिरवायचा रंग गडद घ्या. पांढऱ्या मेणावर पिवळा फिरवून काही दिसत नाही. निळा, जांभळा, गडद हिरवा. दौतीतली निळी शाईसुद्धा चालते, एक भाग शाई आणि चार भाग पाणी.

पाच वर्षांच्या पुढच्या मुलाला स्वतः काढायचं असेल तर पांढरा खडू नकोच. पिवळा, गुलाबी, फिकट हिरवा द्या. दिसतंही आणि अडवतंही.

भेंडीचाठसा

रंगपेटी, मेणखडू कशाला, सरळ तेलखडूच द्या ना. जोर लागत नाही, लहान हाताला तेच सोपे.

रंगपेटी

अडवण्याच्या बाबतीत मान्य. पण तेलखडू वाळत नाहीत. तीन वर्षांच्या मुलाची मनगटं त्यावरून फिरतात, रंग फासला जातो, आणि जिथे फासला तिथेही नंतर पाणी धरत नाही. मग आकाशाला भोकं पडल्यासारखी दिसतात. पाच वर्षांच्या वर तेलखडू, त्याखाली जाडे मेणखडू, असं मी म्हणेन. लहानग्यांना जोर कमी पडतो त्यावर एक युक्ती : कागदाखाली कडक पाटी किंवा परीक्षेचं पॅड ठेवा. खाली वर्तमानपत्राची चळत असेल तर कागद दबतो आणि खडूचं मेण वरवरच राहतं.

हाताच्या डागावरून आठवलं. चिवडा, वेफर खाल्लेले हात कागदाला लागले तर तेलाचे ठसे रंग टाकेपर्यंत दिसत नाहीत. टाकल्यावर पाची बोटं उमटतात. आधी साबणाने हात धुवायला लावा. मुद्दाम करायचं असेल तर मात्र तोही झकास प्रयोग आहे : तळव्याला थेंबभर तेल, कागदावर ठसा, वरून शाई.

मीठमसाला

एक चूक सर्रास होते ती लिहितो. रंग कपड्यांवरून सहज निघावा म्हणून लोक त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकतात. मग मेण काहीच अडवत नाही. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि जे पाणी मेणावर गोळा व्हायचं ते पसरून मेणालाही ओलं करतं. साबणाने धुतलेला ब्रश नीट खळबळला नसेल तरी हाच प्रकार होतो. त्यापेक्षा मुलाला जुना शर्ट उलटा, बटणं पाठीवर येतील असा घाला.

दुसरं, रंगांच्या जोड्या. समोर सहा रंग ठेवलेत तर दहा मिनिटांत सगळं तपकिरी होणार. गुलाबी-जांभळा-निळा किंवा पिवळा-पोपटी-निळा असे शेजारचे तीनच द्या. ते कसेही मिसळले तरी मळत नाहीत. नारिंगी आणि निळा एकत्र दिलात की चिखल.

ओलाकागद

मेणाच्या रेघांवर रंगाचे मणी राहतात ते पुसायचे की ठेवायचे? वाळल्यावर चित्रावर गडद ठिपके दिसतात.

निळीशाई

दोन्ही चालतं. आवडत असतील तर ठेवा. नको असतील तर जुन्या सुती कापडाचा बोळा वरून फक्त टेकवा, घासू नका. घासलं तर ओल्या कागदाचे तंतू उठतात आणि तिथे पुढचा रंग डाग पाडतो.

कागद वाळून लाटांसारखा झाला असेल तर पूर्ण सुकल्यावर दोन कोऱ्या कागदांत घालून जाड पुस्तकांखाली रात्रभर ठेवा. इस्त्री नको, मेण वितळून पसरेल. कागदाला मुळात लाटा येऊच नयेत असं वाटत असेल तर काम सुरू करण्यापूर्वी चारही कडांना मास्किंग टेप लावून कागद पॅडवर ताणून चिकटवा. टेप काढली की पांढरी चौकट फुकट मिळते.

पट्टीपट्टी

टेपचा विषय निघालाच आहे तर दोन वर्षांच्या मुलांसाठी रेझिस्टचा सगळ्यात सोपा प्रकार हाच. खडू नाही, मेण नाही, तोंडात घालण्यासारखं काही नाही. मोठ्यांनी टेप लावून द्यायची आणि मुलाने बोटांनी किंवा स्पंजाने रंग थापायचा. इथे पोस्टर कलरही चालतो, उलट तो बरा, कारण टेप दाट रंगच चांगला अडवते. पातळ रंग टेपखाली झिरपतो.

टेप रंगाऱ्यांची मास्किंग टेप. पाऊण इंची हाताळायला सोपी. ताजी टेप थेट कागदावर लावली तर काढताना कागदाचा पापुद्रा घेऊन येते. म्हणून आधी एकदा आपल्या सुती कपड्यावर चिकटवून काढायची. तिचा जोर थोडा मरतो. मग कागदावर लावून कडा नखाने किंवा चमच्याच्या पाठीने नीट दाबायच्या. गडबड होते ती कडेलाच. रंग थापताना टेपेवरून बाहेरच्या दिशेला, बाहेरून टेपेकडे नाही. हे मुलाला सांगून कळत नाही, म्हणून ब्रशऐवजी स्पंज द्या. स्पंज वरून खाली पडतो, कडेखाली रंग ढकलत नाही.

काढायची कधी? कागद पूर्ण वाळल्यावर. ओला कागद फाटतोच. फक्त ॲक्रिलिक रंग असेल तर तो अर्धवट ओला असताना काढा, नाहीतर रंगाचं कातडं टेपबरोबर सोलून येतं. टेप वर ओढायची नाही. तिच्याच अंगावर दुमडत, कागदाला जवळजवळ चिकटून, हळू ओढायची.

खिडकीची तावदानं, पतंग, नावाचं पहिलं अक्षर हे सरळ रेघांत बसतं. गोल आकार हवे असतील तर दुकानात किमतीचे गोल स्टिकर मिळतात. तीन वर्षांखालच्या मुलाला मात्र सुटे स्टिकर एकट्याने देऊ नका.

मांजरपाट

कापडाचं लिहिते. थोडं लांब होईल.

मुलांबरोबर कापडावर करायचं तर मैद्याची कच्ची खळ. गरम मेणाचं बाटिक (वितळलेल्या मेणाने रंग अडवून कापड रंगवायची पद्धत) या वयाला नाही. बाटिकमध्ये मेण गरमच का लागतं ते आधी. कापडावर गार मेणबत्ती घासली तर मेण वरच्या धाग्यांनाच लागतं, रंग मागच्या बाजूने फिरून येतो आणि रेघ पुसट होते. वितळलेलं मेण कापडाच्या आरपार जाऊन दोन्ही बाजू बंद करतं. पण वितळलेलं मेण कातडीला चिकटून राहतं आणि भाजत राहतं, शिवाय जास्त तापलं तर पेट घेतं. खळीला आच लागतच नाही.

कापड : मांजरपाट किंवा पातळ सुती, ३० बाय ३० सेंटीमीटरचे तुकडे. नव्या मांजरपाटाला कारखान्याची खळ असते. ती आधी गरम पाण्यात साबण घालून धुऊन काढा, दोनदा. नाहीतर रंग आत शिरतच नाही आणि दोष तुम्ही मैद्याला देता. सिंथेटिक कापड नको.

खळ : अर्धी वाटी मैदा, अर्धी वाटी पाणी, दोन छोटे चमचे तुरटीची पूड. (वाटी इथे २४० मिलीची.) तुरटीने खळ लवकर आंबत नाही. पाणी एकदम ओतू नका. थोडं थोडं घालून गुठळ्या मोडा आणि शेवटी चहाच्या गाळण्यातून गाळा. हे गाळणं टाळू नका. एक गुठळी कोनाच्या तोंडात अडकते, मूल जोरात दाबतं आणि कोन मागून फुटतो. दाटपणा डोशाच्या पिठासारखा. चमच्यातून धार पडली पाहिजे आणि पडलेली धार लगेच मिसळून जाता कामा नये.

कोन : दुधाची पिशवी धुऊन पुसून मेंदीच्या कोनासारखी गुंडाळा. तोंड दोन मिलीमीटर कापा. त्याहून बारीक रेघ वाळल्यावर तुटते आणि रंग आत घुसतो. पाच वर्षांखालच्या मुलांना कोन आवरत नाही. त्यांना टोमॅटो सॉसची लहान बाटली द्या, अर्धीच भरून. किंवा भेंडी आडवी कापून तिचा ठसा खळीत बुडवून कापडावर. बटाट्याचा ठसाही चालेल, पण कापलेला बटाटा आधी पुसून घ्या. त्याच्या पाण्याने खळ पातळ होते.

कापड पुठ्ठ्यावर प्लास्टिक घालून त्यावर ताणा आणि चारही बाजूंनी टेप लावा. खळ वाळताना आकसते आणि कापड गोळा करते. टेप नसेल तर सकाळी होडी मिळेल.

वाळायला किमान एक रात्र. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात दोन दिवसही लागतात, पंख्याखाली ठेवा. तिसऱ्या दिवशीही मऊ असेल तर टाकून द्या, बुरशी येणार. खळ नखाने वाजली पाहिजे, टक्क.

मग टेप काढून कापड हलकेच चुरगळा. खळीला तडे जातात आणि त्यांतून रंग उतरून बाटिकसारख्या बारीक शिरा येतात. हा भाग मुलांना फार आवडतो, म्हणून ‘एकदाच’ असं आधी बजावून ठेवा. तीनदा चुरगळलं की खळीचा चुरा होतो.

रंग कापडासाठीचा ॲक्रिलिक. दोन भाग रंग, एक भाग पाणी. इथे कागदाचा नियम उलटा होतो. जास्त पातळ केलात तर ते पाणीच खळ विरघळवायला लागतं. चपट्या ब्रशने लावा. एका जागी घासत बसायचं नाही.

रंग एक पूर्ण दिवस वाळू द्या. मग कापड गार किंवा कोमट पाण्यात अर्धा तास भिजत घाला. खळ मऊ झाली की बोथट चमच्याने किंवा जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. गरम पाणी नको. गव्हाचा स्टार्च साधारण ६० अंशांना शिजतो. मग कच्ची खळ खरीखुरी शिजलेली खळ होते, पतंग चिकटवतो तसली, आणि कापडाच्या धाग्यांत बसते. त्याच कारणाने खळ निघायच्या आधी इस्त्रीही नको. ती पूर्ण निघाल्यावर, कापड वाळवून, उलट बाजूने तीन-चार मिनिटं गरम इस्त्री फिरवा म्हणजे रंग पक्का होतो.

खरवडलेला लगदा सिंकमध्ये ढकलू नका. पाइपात जाऊन बसतो. त्यात ॲक्रिलिक रंगही असतो, म्हणून ओल्या कचऱ्यातही नको. वर्तमानपत्रावर वाळवून सुक्या कचऱ्यात टाका.

खडूवाली

उत्तम प्रतिसाद. तांदळाचं पीठ चालेल का? ते घरात नेहमी असतं.

मांजरपाट

कच्चं तांदळाचं पीठ वाळलं की भुरभुरतं. मैद्यातल्या ग्लुटेनमुळे थर एकसंध धरून राहतो, तांदळात ते नाही. निम्मं-निम्मं चालेल, तडे जास्त मिळतील. जपानी लोक तांदळाचीच खळ वापरतात, पण चिकट तांदळाच्या पिठाची, कोंडा आणि मीठ घालून वाफवलेली. तिथेही ती कोनातून दाबून रेघा काढतात. पद्धतीला त्सुत्सुगाकी म्हणतात. मेंदीचा कोन हातात धरलेल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल.

अटकेपार

अमेरिकेतून विचारतोय. इथे ‘वॉशेबल’ शाळेचा डिंक मिळतो. खळीऐवजी तो चालेल का? आणि भारतातला पांढरा डिंक?

मांजरपाट

तुमच्याकडचा वॉशेबल जेल डिंक कापडावर छान चालतो. रेघ काढा, रात्रभर वाळवा, ॲक्रिलिक थोडा पातळ करून लावा, वाळू द्या. मग कोमट पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवून चोळा. मैद्यासारखे तडे मात्र जात नाहीत, रेघ स्वच्छ राहते. मैदा हवा असेल तर तिथलं ‘ऑल पर्पज’ पीठ घ्या.

आपल्याकडचा सुतारकामाचा पांढरा डिंक कापडावर नको. तो वाळल्यावर पाण्याने सहजी निघत नाही, कापड कडक राहतं. कागदावर तो बिनधास्त वापरा, तिथे काढायचाच नसतो. डिंकाने जाड रेघ काढायची, रात्रभर वाळवायची, मधल्या घरांत जलरंग सोडायचा. रेघेचा बांध होतो आणि रंग शेजारच्या घरात जात नाही. ज्या मुलांना ‘रेघेबाहेर गेलं’ म्हणून रडू येतं त्यांना हे द्या.

गेरूगुलाल

कागदावर गेरूचा प्रयोग करून बघा. मेणबत्तीने किंवा पांढऱ्या तेलखडूने त्रिकोणी माणसं, गोल, झाडं काढायची. वरून गेरूचं पाणी : एक मोठा चमचा गेरू, अर्धी वाटी पाणी, एक छोटा चमचा भिजवलेला खायचा डिंक. डिंक नसेल तर वाळल्यावर गेरू हाताला येतो. गेरू पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतो, म्हणून दर वेळी ब्रश बुडवताना ढवळायचं. मेणावर थोडे कण राहतात, ते वाळल्यावर मऊ ब्रशने झटका. वारली झाली!

मीठमसाला

वारलीसारखं दिसलं, वारली नाही झाली. :) पालघर-डहाणूकडे भिंत आधी गेरूने किंवा शेणमातीने सारवतात आणि वरून तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्याने काढतात. पांढरं नंतर येतं. आपल्या प्रयोगात पांढरा म्हणजे उघडा राहिलेला कागद. मुलांना हा फरक जरूर दाखवा, दोन्ही शेजारी शेजारी काढून. एकात पांढरं लावलं, एकात पांढरं वाचवलं. सहा-सात वर्षांच्या मुलाला तो चटकन कळतो.

खरा मातीचा रेझिस्ट बघायचा तर राजस्थानची दाबू छपाई. काळी माती, चुना, डिंक आणि किडलेल्या गव्हाचा भुसा कालवून ठशाने कापडावर लावतात, ओली असतानाच वर लाकडाचा भुसा भुरभुरवतात आणि मग निळीत बुडवतात. बगरू आणि चित्तोडगडजवळचं आकोला ही त्याची गावं. आपल्या अकोल्याशी घोटाळा करू नका. मेणाचं बाटिक कच्छमध्ये मुंद्र्याला आणि उज्जैनजवळ भेरूगडला होतं. नायजेरियातले योरुबा लोक कसाव्याच्या, म्हणजे ज्यापासून आपला साबुदाणा होतो त्या कंदाच्या, खळीने कापडावर नक्षी काढून निळीत रंगवतात.

कुंकवाचीडबी

स्वयंपाकघरातला एक प्रकार राहिला. एक छोटा चमचा हळद पाव वाटी पाण्यात कालवून ड्रॉइंग पेपरवर फिरवा, वाळवा. त्यावर कापसाच्या काडीने लिंबाच्या रसाचं चित्र, तेही वाळवा. मग साबणाच्या वडीचं पाणी (वडी ओल्या हाताने चोळून अर्धी वाटी दुधट पाणी करा) मऊ ब्रशने एकदाच फिरवा. कागद लालसर होतो, लिंबाची रेघ पिवळी राहते. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकवाचं तत्त्व तेच. चुना मात्र मुलांच्या हातात द्यायचा नाही, डोळ्यात गेला तर भारी पडतं. धुण्याच्या सोड्याने रंग जास्त गडद येतो, पण तोही कातडीला झोंबतो. खायच्या सोड्याने जेमतेम नारिंगी छटा येते. ब्रश दोनदा-तीनदा फिरवलात तर लिंबाचं आम्ल संपतं आणि रेघही लाल होते.

निळीशाई

हा काटेकोर अर्थाने रेझिस्ट नाही, रसायन आहे. पण असू दे, धाग्यात शोभतो. हळदीचे डाग कपड्यांवर पडले तर धुऊन उन्हात घाला, फिके होतात. त्याच न्यायाने हे चित्रही उन्हाच्या भिंतीवर लावू नका.

ओलाकागद

या चित्रांचा आकाशकंदील करता येईल का? मेणखडूचा कागद उजेडासमोर धरला तर काळपट दिसतो.

भेंडीचाठसा

येतो. इथे जाड कागद नको, ७५-८० जीएसएमचाच घ्या आणि रंगाचा एकच हात फिरवा, दुसरा थर नाही. चित्र पूर्ण वाळल्यावर मागच्या बाजूने कापसाने तेल चोळा. ए-फोर कागदाला अर्धा छोटा चमचा पुरतो. तंतूंमधली हवेची जागा तेल भरून काढतं, उजेड विखुरत नाही आणि कागद पारभासक होतो. पुढून चोळलंत तर खडू तेलात सुटून फासेल. जास्तीचं तेल टिपा, दिवसभर टांगून ठेवा. खोबरेल थंडीत थिजून पांढरे चट्टे दिसतात, शेंगदाण्याचं तेल बरं. खडूचा रंग अपारदर्शकच राहणार, म्हणून रेघा कमी आणि मोकळी जागा जास्त ठेवा.

आत फक्त एलईडी. तेल आणि मेण लागलेला कागद म्हणजे वातच आहे. पणती, मेणबत्ती, जुना तापणारा बल्ब, काहीही नको.

तिरफळ

वाचनखूण साठवली. एक शेवटचं : खायच्या रंगाचे डाग कोटा फरशीवर पडले तर?

मीठमसाला

लगेच ओल्या फडक्याने टिपा, पसरवत पुसू नका. कोटा आणि संगमरवर सच्छिद्र असतात, दोन तास राहिला तर रंग आत जातो. लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका, दोन्ही दगड आम्लाने खरवडले जातात. खायच्या सोड्याचा घट्ट लेप रात्रभर ठेवून सकाळी पुसा. पूर्ण गेला नाही तर पुन्हा एकदा. आणि पुढच्या वेळी खाली जुनी चादर नको, प्लास्टिकचा टेबलक्लॉथ. चादर रंग खाली सोडते.